ब्राउझरमधली पीडीएफ आणि एकेका ओळीच्या दुरुस्त्या

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पीडीएफ फाइलवर क्लिक केले की दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर न उघडता ती त्याच टॅबमध्ये दिसू लागते. पाने सरकवता येतात, अक्षरे मोठी करता येतात, शब्द शोधता येतो, अर्जही भरता येतो. हे काम करणाऱ्या प्रोग्रामचे नाव पीडीएफ डॉट जेएस. तो जवळजवळ सगळा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, म्हणजे वेबपाने ज्या भाषेच्या बळावर हलती-बोलती होतात त्याच भाषेत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलामधल्या अँड्रियास गाल आणि ख्रिस जोन्स यांनी २०११ मध्ये तो सुरू केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १९ पासून तो ब्राउझरचाच भाग झाला. त्याचा कोड अपाचे परवान्याखाली सर्वांना खुला असल्यामुळे फायरफॉक्सबाहेरही असंख्य संकेतस्थळांनी तो आपल्या पानांत बसवून घेतला आहे. क्रोम ब्राउझरमधला पीडीएफ वाचक, म्हणजे पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम, मात्र वेगळा. तो पीडीएफियम नावाचा आणि सी++ भाषेत लिहिलेला आहे.

पीडीएफ डॉट जेएसच्या बदलांची नोंदवही पहिल्यापासून खुली आहे. ती चाळली तर नव्या मोठ्या सोयी अधूनमधून भेटतात. २०२१ मध्ये फायरफॉक्स ९३ सोबत सरकारी कचेऱ्या आणि बँका वापरतात ते एक्सएफए प्रकारचे अर्ज भरण्याची सोय आली, तर २०२२ मध्ये फायरफॉक्स १०६ सोबत पानावर मजकूर लिहिण्याची आणि रेघोट्या ओढण्याची. उरलेली वही बहुतांशी लहान नोंदींनी भरलेली आहे. कुठे एक अट वाढवली, कुठे न वापरलेले फंक्शन काढले, कुठे चलाचे नाव बदलले, कुठे एकाच फाइलमध्ये दिसणारी चूक सुधारली. या प्रोग्रामची खरी ताकद या लहान नोंदींत साठलेली आहे. त्या इतक्या संख्येने का लागतात याचे उत्तर पीडीएफ फाइलच्या पोटात शिरल्यावर मिळते.

अडोबी कंपनीने हा प्रकार १९९३ मध्ये बाजारात आणला. २००८ मध्ये त्याची १.७ ही आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि २०१७ मध्ये २.० आवृत्तीचे मानक आले. म्हणजे नियम लिहिलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. परंतु पीडीएफ तयार करणारे प्रोग्राम हजारो आहेत. वर्ड प्रोसेसर, स्कॅनर, बँकांच्या खातेउताऱ्याच्या यंत्रणा, रेल्वे तिकिटांच्या यंत्रणा, कोणीतरी एका कचेरीसाठी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला छोटा प्रोग्राम, असे सगळेच त्या फाइली बनवतात. त्यांतले कित्येक नियम अर्धवट पाळतात. फाइल बनवणाऱ्याने ती आपल्याकडच्या एका वाचकात उघडून पाहिलेली असते, ती उघडली म्हणजे काम झाले असे त्याला वाटते. वापरणाऱ्याच्या बाजूनेही न्याय असाच होतो. दुसरीकडे उघडलेली फाइल इथे उघडली नाही, तर दोष फाइलचा असला तरी ठपका वाचकावर येतो. त्यामुळे ‘फाइल चुकीची आहे’ एवढे सांगून पीडीएफ वाचकाची सुटका होत नाही.

पीडीएफ फाइल म्हणजे क्रमांक दिलेल्या वस्तूंचा संग्रह असतो. एखादी वस्तू म्हणजे पान, दुसरी म्हणजे फॉन्ट, तिसरी म्हणजे चित्र, आणखी एखादी म्हणजे नुसती आकड्यांची यादी. कोणती वस्तू फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे याचा तक्ता सहसा फाइलच्या शेवटाकडे असतो, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसा. वाचक आधी फाइलच्या टोकाला जातो, तिथे या तक्त्याचा पत्ता वाचतो, तक्त्यावर येतो आणि मग हव्या त्या वस्तूकडे थेट उडी घेतो. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात प्रत्येक नोंद नेमकी २० बाइटांची असते: दहा अंकी स्थान, पाच अंकी पिढी-क्रमांक, नोंद वापरात आहे की मोकळी हे सांगणारे एक अक्षर, आणि मधल्या जागा व ओळ संपल्याची खूण. या मांडणीमुळे हजार पानांच्या ग्रंथातले सातशेवे पान आधीची पाने न वाचता काढता येते. परंतु सगळी मदार आकड्यांवर असल्यामुळे एक आकडा घसरला की मागचे सगळे घसरते.

ही घसरण प्रत्यक्षात फार साध्या कारणांनी होते. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवताना मधल्या प्रोग्रामने तिला साधा मजकूर समजून ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या, तर प्रत्येक ओळीमागे एक बाइट वाढतो किंवा कमी होतो आणि तक्त्यातली सगळी स्थाने खोटी ठरतात. फाइलच्या आरंभी कोणीतरी चार ओळी चिकटवल्या तरी तेच. काही वेळा चूक मूळ प्रोग्रामचीच असते. नियमाप्रमाणे शून्य क्रमांकाची वस्तू कायम मोकळी असते आणि तक्ता तिच्यापासून सुरू होतो. काही प्रोग्राम मात्र तक्ता एकपासून सुरू होतो असे लिहून टाकतात आणि पहिली नोंद मोकळीच ठेवतात. अशा फाइलमध्ये प्रत्येक वस्तूचा क्रमांक एकाने पुढे सरकतो, पानाऐवजी फॉन्ट हाती येते आणि फाइल कोरी दिसते. पीडीएफ डॉट जेएसमध्ये यावर अगदी छोटी अट आहे: तक्ता एकपासून सुरू होतो असे लिहिलेले असेल आणि पहिलीच नोंद मोकळी असेल, तर तो शून्यापासून सुरू होतो असे धरावे. एवढ्या एका अटीने तशा सगळ्या फाइली वाचत्या होतात. नियमांच्या पुस्तकात ही अट कुठेही नाही, ती कोणाच्या तरी खऱ्या फाइलीकडे पाहूनच लिहिता येते.

तक्ता पूर्णच निकामी असेल तर प्रोग्राम तो बाजूला ठेवतो. मग सगळी फाइल पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत चाळून ‘इथे अमुक क्रमांकाची वस्तू सुरू होते’ अशा खुणा शोधतो आणि तक्ता स्वतः नव्याने बांधतो. हे काम संथ असते, म्हणून ते शेवटचा उपाय म्हणूनच केले जाते. अशाच तजविजी इतरत्रही आहेत. फाइलच्या अगदी आरंभी असायला हवी ती पीडीएफची ओळखखूण पहिल्या १०२४ बाइटांत कुठेही सापडली तरी चालवून घेतली जाते. चित्राच्या किंवा मजकुराच्या प्रवाहाची लांबी चुकीची लिहिली असेल तर प्रवाह संपल्याची खूण शोधून लांबी पुन्हा ठरवली जाते. पानांच्या रचनेतली एखादी वस्तू फिरून स्वतःकडेच बोट दाखवत असेल, तर प्रोग्राम कायमचा गोल फिरत राहू नये म्हणून भेट दिलेल्या वस्तूंची यादी ठेवली जाते. यातली प्रत्येक तजवीज वाचायला क्षुल्लक आहे. त्या सगळ्यांच्या बेरजेनेच वाचक विश्वासार्ह होतो.

फाइल वाचली गेली की ती दाखवण्याचे काम उरते आणि तिथे दोषांची दुसरी जात भेटते. पीडीएफ डॉट जेएसचे काम तीन थरांत वाटलेले आहे. पहिला थर पडद्यामागे वेगळ्या धाग्यावर फाइल उलगडतो, म्हणजे मोठी फाइल उघडताना टॅब गोठत नाही. दुसरा थर उलगडलेल्या आज्ञा घेऊन ब्राउझरच्या कॅनव्हासवर पान रंगवतो. तिसरा थर म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी बटणे, पानांची पट्टी, शोधाची चौकट. कॅनव्हास ही वेबची चित्रफलकाची सोय पीडीएफसाठी घडवलेली नाही, म्हणून दोघांचे नियम जिथे जुळत नाहीत तिथे भाषांतर करावे लागते. पीडीएफमध्ये पानाचा उगमबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि आकडे वर वाढतात. कॅनव्हासमध्ये तो वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि आकडे खाली वाढतात. हा फरक मोठा असल्याने पहिल्याच दिवशी लक्षात येतो आणि एकदाच सुधारावा लागतो.

जास्त त्रास बारीक फरक देतात. पीडीएफमध्ये रेषेची जाडी शून्य लिहिली तर तिचा अर्थ ‘या यंत्रावर काढता येईल तेवढी बारीक रेषा’ असा होतो. वेबच्या नियमानुसार मात्र कॅनव्हासला शून्य जाडी सांगितली तर तो ती आज्ञा दुर्लक्षित करतो आणि आधीची जाडी तशीच ठेवतो. आज्ञेचे भाषांतर शब्दशः केले, तर आधी जाड चौकट काढली असल्यास पुढच्या बारीक रेषाही जाड उमटतील. कारण शोधणाऱ्याला कोडमध्ये काहीच चुकलेले दिसणार नाही, कारण दोन्ही बाजू आपापल्या नियमांनी बरोबर आहेत. पान लहान करून पाहताना एक पिक्सेलहूनही बारीक होणाऱ्या रेषा हा याचाच दुसरा पैलू. त्या फिकट होत नाहीशा झाल्या तर अर्जातले रकाने पुसले जातात आणि कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे कळत नाही. म्हणून अशा रेषा किमान एक पिक्सेल जाडीच्या राहतील याची काळजी कोडमध्ये घ्यावी लागते.

स्मरणशक्तीचा प्रश्नही याच थरातला. रंगवलेले प्रत्येक पान म्हणजे लाखो पिक्सेलांचे चित्र असते आणि प्रत्येक पिक्सेल चार बाइट जागा घेतो. पाचशे पानांचे पुस्तक भराभर सरकवले आणि प्रत्येक पान जपून ठेवले, तर साध्या संगणकाची स्मरणशक्ती संपेल. म्हणून वाचक सर्वसाधारणपणे दहाच पानांची चित्रे जवळ ठेवतो आणि मागे पडलेली टाकून देतो. टाकून देण्याचे राहून गेलेले एखादे चित्र, बंद झालेल्या फाइलीला चिकटून राहिलेला एखादा दुवा, असे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. तासाभराने संगणक जड होतो तेव्हाच ते जाणवतात. यांच्या दुरुस्त्या अनेकदा एकाच ओळीच्या असतात, पण ती ओळ सापडायला दिवस जातात.

अक्षरांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. पीडीएफच्या पोटात असलेल्या फॉन्ट अनेकदा अपुऱ्या किंवा सदोष असतात आणि सुरक्षेसाठी ब्राउझर सदोष फॉन्ट स्वीकारत नाही. त्यामुळे पीडीएफ डॉट जेएस फॉन्ट उलगडून, तिचे तक्ते दुरुस्त करून, नव्याने बांधून ब्राउझरच्या हाती देतो. त्याशिवाय कॅनव्हासवर उमटलेले अक्षर म्हणजे नुसते चित्र असते, ते निवडता येत नाही. मजकूर निवडता यावा म्हणून चित्रावर पारदर्शक अक्षरांचा एक पडदा अंथरला जातो. माउसने निवडला जातो तो मजकूर या पडद्यावरचा. हा पडदा आणि खालचे चित्र किंचित जरी सरकले तरी निवड वेड्यावाकड्या उड्या मारू लागते, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींत हा विषय वारंवार येतो.

पीडीएफमध्ये शब्दांमधली मोकळी जागा लिहिलेली असेलच असे नाही. ‘हे अक्षर इथे ठेव, ते तिथे ठेव’ एवढेच सांगितलेले असते आणि दोन अक्षरांतल्या अंतरावरून तिथे शब्द तुटतो की नाही हे वाचकाला ठरवावे लागते. अंतराची मर्यादा कमी ठेवली तर सैल जुळवलेल्या मथळ्यातल्या एका शब्दाचे चार तुकडे होतात. वाढवली तर दाट जुळणीच्या परिच्छेदातले शब्द एकमेकांना चिकटतात. दोन्ही बाबतींत शोध फसतो. या मर्यादेला हात लावणारी प्रत्येक दुरुस्ती म्हणूनच नाजूक ठरते. एका फाइलीतला दोष जातो आणि भलत्याच फाइलीत नवा उगवतो.

मराठी वाचकांचा या थराशी थेट संबंध येतो. देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रा यांची जुळणी पीडीएफ बनवतानाच झालेली असते आणि फाइलमध्ये उरतात ते आकृत्यांचे क्रमांक. त्या आकृतीमागचे खरे अक्षर कोणते हे सांगणारा तक्ता फाइलमध्ये सोबत असावा लागतो. तो नसेल किंवा अर्धवट असेल तर पान डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण कॉपी केलेला मजकूर विस्कटतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र त्याच्या आधी दिसते. दिसण्याच्या क्रमाने मजकूर उचलला गेला की ती चुकीच्या जागी पडते. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवल्या होत्या, त्यामुळे तशा जुन्या फाइलींतून उतरवलेला मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची माळ होऊन येतो. माहिती फाइलमध्येच नसेल तर वाचकाचा प्रोग्राम ती निर्माण करू शकत नाही. जिथे माहिती आहे तिथे ती नीट वापरणे एवढेच त्याच्या हाती असते.

शोधाच्या बाबतीत मात्र एक नेमकी लहान तजवीज देवनागरीच्या कामी येते. फ्रेंच किंवा स्पॅनिश मजकूर शोधताना अक्षरांवरच्या खुणा दुर्लक्षून शोधण्याची सोय लोकांना हवी असते आणि पीडीएफ डॉट जेएसमध्ये ती आहे. युनिकोडच्या वर्गवारीत त्या खुणा ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात, पण आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही त्याच वर्गात येतात. युरोपीय लिप्यांसाठी केलेला नियम सरसकट लावला तर हलन्तही गळून पडेल आणि जोडाक्षर मोडेल. म्हणून कोडमध्ये न गाळायच्या चिन्हांची एक अपवाद-यादी आहे. तिच्यात देवनागरीचा हलन्त आहे, बंगाली, गुरमुखी, गुजराती आणि दक्षिणेतल्या लिप्यांची तशीच चिन्हे आहेत, आणि जपानी लिपीतल्या दोन उच्चारखुणाही आहेत. आकड्यांची ती काही ओळींची यादी पाहून कोणाला तिचे महत्त्व जाणवणार नाही. कोट्यवधी लोकांच्या लिपीचा मान राखणारी ती यादी आहे.

आतापर्यंतच्या दोषांमुळे फार तर पान चुकीचे दिसते. काही दोषांची किंमत याहून मोठी असते. पीडीएफ वाचक जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्यामागे सुरक्षा हेही एक कारण होते. जुने वाचक प्लग-इनच्या रूपात ब्राउझरला जोडले जात, ते सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले असत आणि स्मरणशक्ती हाताळण्यातल्या त्यांच्या चुकांचा फायदा घेऊन हल्ले होत. जावास्क्रिप्टमध्ये चुकांची ती जात बव्हंशी टळते, हल्ल्याच्या दुसऱ्या वाटा मात्र उरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये रशियातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून अशाच एका वाटेने हल्ला झाल्याचे उघड झाले. फायरफॉक्सची वेगवेगळ्या कोडना एकमेकांपासून दूर ठेवणारी यंत्रणा आणि पीडीएफ वाचक यांच्या सांध्यातली फट वापरून तो वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या फाइली शोधून बाहेर पाठवत होता. मोझिलाने फायरफॉक्स ३९.०.३ ही आवृत्ती काढून ती फट बुजवली.

२०२४ मधला दोष लहान दुरुस्त्यांच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. फॉन्टसोबत सहा आकड्यांची एक यादी असू शकते. अक्षराची आकृती पानाच्या मापात किती लहान-मोठी करायची हे ती सांगते. पीडीएफ डॉट जेएसमध्ये काही आकृत्या भराभर रंगवता याव्यात म्हणून एक जुनी क्लृप्ती होती. आकृतीच्या आज्ञा मजकुराच्या रूपात जोडून त्यांचे जागच्या जागी जावास्क्रिप्टचे एक फंक्शन बनवले जाई आणि ते चालवले जाई. त्या मजकुरात ही सहा मूल्येही जात. ती आकडेच असतील असे कोडने गृहीत धरले होते, तपासले नव्हते. पीडीएफ फाइल बनवणारा मात्र त्या यादीत आकड्याच्या जागी अक्षरांची माळ लिहू शकत होता, आणि ती माळ प्रोग्राम म्हणून चालली असती. म्हणजे नुसती फाइल उघडल्याने परक्याचा कोड चालला असता. कोडियन लॅब्स या संस्थेतल्या थॉमस रिन्स्मा यांनी हे शोधून मोझिलाला कळवले. दोषाला सीव्हीई-२०२४-४३६७ हा क्रमांक मिळाला. पीडीएफ डॉट जेएसच्या ४.२.६७ या आवृत्तीत आणि मे २०२४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १२६ मध्ये तो दुरुस्त झाला.

दुरुस्ती करताना मजकुराचे फंक्शन बनवण्याची ती वाटच कोडमधून काढून टाकण्यात आली. ही दुरुस्ती आहे की साफसफाई, असा प्रश्न इथे पडू शकतो. दोन्हींची सीमा पुष्कळदा अशीच पुसट असते. वेगासाठी एके काळी केलेली क्लृप्ती ब्राउझर वेगवान झाल्यावर निरुपयोगी होते, पण कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही तर ती तिथेच पडून राहते आणि धोका सांभाळत बसते.

प्रोग्रामर ज्याला कोडची साफसफाई म्हणतात तिच्यात प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वागणे बदलायचे नसते, फक्त आतली मांडणी सुधारायची असते. पीडीएफ डॉट जेएस सुरू झाला तेव्हाची जावास्क्रिप्ट आणि आजची जावास्क्रिप्ट यांत बरेच अंतर आहे. तेव्हा चल जाहीर करण्याचा एकच मार्ग होता आणि तसे चल संपूर्ण फंक्शनभर पसरे. २०१५ च्या मानकाने मर्यादित आवाक्याचे आणि न बदलणारे असे दोन नवे प्रकार दिले. कोडचे तुकडे वेगळ्या फाइलींत ठेवून हवे तेवढेच आयात करण्याची पद्धतही त्याच मानकात आली, आणि वर्गातली खासगी माहिती बाहेरच्यांपासून लपवण्याची सोय आणखी पुढे आली. जुना कोड नव्या पद्धतीत आणण्याचे काम या प्रकल्पात वर्षानुवर्षे, एकेक फाइल घेऊन चालले. जुन्या ब्राउझरांना नसलेल्या सोयी पुरवण्यासाठी लिहिलेला आधाराचा कोड, इंटरनेट एक्सप्लोररसारखे ब्राउझर मागे पडल्यावर काढून टाकण्यात आला. ओळींची मांडणी कशी असावी यावरचे वाद थांबावेत म्हणून ते काम प्रेटियर या साधनाकडे सोपवले गेले, आणि संशयास्पद लिखाण पकडण्याचे काम ईएसलिंटकडे.

साफसफाई कधी कधी खोलवर जाते. जेपीईजी २००० या प्रकारची चित्रे उलगडण्यासाठी प्रकल्पाने सुरुवातीला स्वतःचा जावास्क्रिप्ट कोड लिहिला होता. २०२४ मध्ये तो काढला गेला आणि त्याच्या जागी ओपनजेपीईजी ही सी भाषेतली खुली लायब्ररी ब्राउझरला चालवता येणाऱ्या वेबअसेम्ब्लीच्या रूपात बसवली गेली. आपण लिहिलेले, वर्षानुवर्षे सांभाळलेले काम बाजूला ठेवून दुसऱ्याचे अधिक चांगले काम स्वीकारणे हा निर्णय खुल्या प्रकल्पांना शोभणारा आहे.

या कामाला एक शिस्त लागते: साफसफाई आणि दोषदुरुस्ती एकाच बदलात मिसळायच्या नाहीत. तीनशे ओळींची मांडणी बदलताना मध्येच एक अट बदलली, तर तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते. पुढे काही बिघडले की प्रोग्रामर बदलांचा इतिहास अर्ध्यात, मग त्याच्या अर्ध्यात असा विभागत दोष कोणत्या बदलात शिरला ते शोधतात. बदल लहान आणि एकाच हेतूचा असेल तरच हा शोध एखाद्या ओळीपाशी येऊन थांबतो.

साफसफाईत धोकाही आहे. विचित्र दिसणारी, कारण न सांगणारी एखादी ओळ ‘हिची गरज काय’ म्हणून कोणी काढतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या एका फाइलीसाठी ती लिहिलेली असते. यापासून वाचवते ती चाचण्यांची जाळी. प्रकल्पाकडे नमुना फाइलींचा मोठा साठा आहे आणि त्यातल्या कित्येक कोणत्या ना कोणत्या तक्रारीतून आलेल्या आहेत. प्रकल्पाच्या अगदी आरंभापासून हाताळली जाणारी फाइल म्हणजे फायरफॉक्सच्या जावास्क्रिप्ट इंजिनावरचा ‘ट्रेसमंकी’ हा २००९ चा शोधनिबंध. वाचकाच्या प्रात्यक्षिकात आजही तोच उघडतो. बदल करण्यापूर्वी या फाइलींची पाने रंगवून त्यांची चित्रे जपून ठेवली जातात, बदलानंतर पुन्हा रंगवली जातात आणि दोन्ही चित्रे पिक्सेलागणिक ताडली जातात. कुठे फरक पडला तर माणूस ती दोन चित्रे शेजारी ठेवून पाहतो. फरक नेहमीच चूक नसतो. वेगळ्या संगणकप्रणालीवर अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या उमटतात आणि काही फरक म्हणजेच अपेक्षित सुधारणा असते. हा निवाडा यंत्रावर सोडता येत नाही.

नमुना फाइली मिळवण्यात एक अडचण कायम असते. ज्या फाइलीत दोष दिसतो ती अनेकदा कोणाचा तरी खातेउतारा, वैद्यकीय अहवाल किंवा करार असतो. खुल्या प्रकल्पात ती सर्वांसमोर ठेवता येत नाही. मग दोष टिकवून बाकी मजकूर काढलेली छोटी फाइल तयार करावी लागते, कधी एका पानाची, कधी एकाच अक्षराची. हे कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. दोष कळवणारा सामान्य वापरकर्ता यात मोठी मदत करू शकतो. देण्याजोगी फाइल, ब्राउझरची आणि संगणकप्रणालीची आवृत्ती, कोणत्या पानावर काय दिसते आणि काय दिसायला हवे, एवढे मिळाले की निम्मे काम झालेले असते. ‘फाइल नीट उघडत नाही’ या एका वाक्याने प्रोग्रामरच्या हाती काहीच येत नाही.

कोड न लिहिता हातभार लावण्याची आणखी एक जागा म्हणजे भाषांतर. बटणांवरचे शब्द, चुकांचे संदेश, ‘इतक्यांपैकी कितवा सापडला’ अशी शोधाची सूचना हे सगळे प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलीत असते. मोझिलाच्या पॉन्टून या संकेतस्थळावर स्वयंसेवक ते भाषांतर करतात. त्यात मराठीही आहे. एकवचन आणि अनेकवचनाचे नियम भाषेगणिक बदलतात, म्हणून हे संदेश फ्लुएंट नावाच्या पद्धतीने लिहिले जातात. त्या पद्धतीत प्रत्येक भाषेला आपापल्या व्याकरणाप्रमाणे वाक्य फिरवता येते. कोडमध्ये वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवला असेल तर भाषांतरकाराचे हात बांधले जातात. असे जोड शोधून मोडणे हीसुद्धा साफसफाईच.

तपासून स्वीकारलेला बदल आधी प्रकल्पाच्या मुख्य कोडमध्ये जातो. तिथून तो फायरफॉक्सच्या कोडमध्ये उचलला जातो, रोज तयार होणाऱ्या नाइटली आवृत्तीत काही काळ वापरला जातो, मग बीटा आवृत्तीत येतो आणि शेवटी साधारण महिन्याभराच्या अंतराने निघणाऱ्या सर्वांच्या आवृत्तीत पोहोचतो. फायरफॉक्स वापरणाऱ्याला यासाठी काही करावे लागत नाही, ब्राउझर आपणहून अद्ययावत होतो. ज्या संकेतस्थळांनी पीडीएफ डॉट जेएस आपल्या पानांत बसवला आहे त्यांचे मात्र तसे नाही. तिथे त्यांनी कधीतरी उतरवून घेतलेली प्रतच चालत राहते. २०२४ मधल्या दोषाची दुरुस्ती तशा ठिकाणी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने ४.२.६७ किंवा त्यापुढची आवृत्ती बसवली तरच पोहोचते.